उभ्याउभ्या येणारे काका

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावातल्या आम्हा मराठी मंडळींत न कळवता कुणाच्याही दारात उभे राहणारे काका एकटेच. म्हणून त्यांचं नाव पडलं पॉपइनकाका.

मूळचे नागपूरचे, नोकरी इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. काकू गेल्यापासून एकटे. शेजारच्या इंग्रज आजीबाई त्यांना पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, ‘डू पॉप इन’. काकांनी ऑफिसात चौघांना विचारून त्याचा अर्थ पक्का करून घेतला आणि मग आमची शिकवणी घेतली. "पॉप इन म्हणजे उभ्याउभ्या येऊन जाणं. आमंत्रण नाही, जेवण नाही, काम तर नाहीच. बूड टेकलं की ती व्हिजिट झाली." दुकानात जाऊन लगेच परतायचं तर पॉप आउट, हेही त्यांनीच सांगितलं.

नियमाला ते पक्के होते. अर्धा कप चहा, माझ्या मुलीची थोडी थट्टा, की दहा मिनिटांत निघाले. शनिवार-रविवार कुणाकडे गेलो नाही तर सोमवारी ऑफिसात तोंड उघडल्यावर आवाजच निघत नाही, असं ते एकदा हसत म्हणाले होते. आम्हीही हसलो. पुण्यात ज्याला आपलेपणा म्हणायचो, त्याला इथे आम्ही ‘प्रायव्हसी नाही’ म्हणायला शिकलो होतो. कॅलेंडर बघितल्याशिवाय एकमेकांकडे चहासुद्धा पीत नव्हतो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. घरभर पसारा, मी आठवड्याच्या कामाने वैतागलेला. पडद्याआडून काका दिसले. मी मुलीला बोटानेच गप्प केलं. ती कुजबुजली, "बाबा, ही कॅन सी द कार." खरंच, गाडी दारातच होती. काकांनी गाडीकडे बघितलं, जरा थांबले आणि गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. हे सांगायची आजही लाज वाटते.

त्यानंतर ते आले नाहीत. मीही फोन केला नाही. कोणत्या तोंडाने करणार? मार्चमध्ये त्यांचा मेसेज आला. शनिवारी अकरा वाजता पंधरा मिनिटं मिळतील का, असं विचारलं होतं. मी लगेच फोन करून म्हटलं, काका, तुम्ही कसलं विचारता, नुसतं यायचं.

"नको बाप्पा. उगाच तुम्हाला घरात लपून बसावं लागतं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शनिवारी ते बरोबर अकराला आले. नोकरी सोडून कायमचे नागपूरला निघाले होते. माफी मागायची असं मी ठरवून बसलो होतो. पण पोहे झाले, विमान कितीचं ते विचारून झालं, हवापाण्याचं बोलून झालं. सव्वाअकराला काका उठले, आणि मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो.