टिक झाल्यानंतरचं पेट्रोल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि तो तर तेव्हा माझ्या शेजारीच उभा होता. ऐकाल तर म्हणाल, एवढंसं तर आहे. गाडीतल्या एका पिवळ्या दिव्याची गोष्ट. मीही बरेच दिवस स्वतःला तसंच समजावत होते. पण आता आठवलं की हादरायला होतं. दिव्यामुळे नाही. माझ्यामुळे.

आधी आप्पांबद्दल सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील, निपाणीचे. त्यांचे आईवडील तंबाखूच्या वखारीत राबले. आमच्या घराण्यात स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते आप्पांनी. आयुष्यभर सरकारी बस चालवली. आई गेल्यावर ते आमच्याकडे बेळगावला, अनगोळात राहायला आले. इथे त्यांचं स्वतःचं असं काय होतं? फक्त रविवार. रविवारी सकाळी माझी कार घेऊन ते एकटेच निपाणीला जायचे – विहारात वंदना, जुने सोबती, बहिणीच्या हातचं जेवण – आणि दिवेलागणीच्या आत परत. निघण्याआधी पुढची काच पुसायचे, चारी चाकांना हात लावून बघायचे. त्या दिवशी ते लेकीकडे राहायला आलेले म्हातारे नसत. ड्रायव्हर असत.

आणि मी? माझी नोकरी कोल्हापूरकडची, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडणं नेहमीचं. महाराष्ट्रात पेट्रोल महाग, म्हणून आमच्याकडचे लोक हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडेच टाकी भरून घेतात. भरायची म्हणजे गळ्यापर्यंत. पंपाची नळी टिक करून आपोआप थांबते, पण ऐकतंय कोण? गाडी जरा हलवायची, ‘अजून घाला’ म्हणायचं, पुन्हा टिक, पुन्हा ‘अजून’ – पेट्रोल तोंडाशी दिसेपर्यंत. मी यात पटाईत होते. नवरा टोकायचा, एक दिवस अंगाशी येईल म्हणायचा. मी हसण्यावारी न्यायचे.

मग एका सोमवारी गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पेट्रोलच्या टाकीचं टोपण नीट बसलं नसेल तरी हा दिवा लागतो. मी ते मोठ्याने वाचलं आणि आप्पांचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी निपाणीत त्यांनी थोडं पेट्रोल टाकलं होतं, आणि टोपण नेहमीसारखं स्वतःच्या हाताने लावलं होतं. ते तडक खाली गेले. टोपण काढलं, आतलं रबर पुसलं, पुन्हा आवळलं. गल्लीतून चक्कर मारून आले. दिवा तसाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा माझ्या मनात दुसरं काही आलं का? खरंच नाही. टोपणच असेल, असं मलाही वाटत होतं.

शेवटी आम्ही तिघं गाडी घेऊन दुरुस्तीला गेलो. तिथल्या माणसाने यंत्र जोडून पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं. म्हणाला, टोपणाचा काही दोष नाही. टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो. तो वाफ धरून ठेवतो आणि मग ती इंजिनात जाऊन जळते. टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात शिरतं. तुमचा डबा पार भिजून गेलाय. मग त्याने सहज विचारलं, “टिक झाल्यावर पण कोण भरून घेतंय हो?”

नवरा माझ्याकडे वळत होता – ओठांवर ते ‘बघ, सांगत होतो ना’चं हसू येऊ घातलं होतं. बस, तेवढंच. त्या हसण्याला मी घाबरले. दुसरं कसलंही भय नव्हतं – कोणी ओरडणार नव्हतं, मारणार नव्हतं. आणि मी म्हणाले, “रविवारी गाडी आप्पा नेतात.” नवऱ्याचं हसू विरलं, तो आप्पांकडे वळला – माझी सवय त्यांनाही लागली असेल, असं त्याला वाटलं असावं.

बघा, यातला एक शब्द तरी खोटा आहे का? हेच मला अजून कळत नाही – इतक्या सफाईने ते माझ्या तोंडून आलं कुठून? मी कधी असली नव्हते. की होते?

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. ‘मी कधी टाकी भरून घेतली?’ म्हणतील. पण त्यांनी नजर खाली नेली, स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. “मला तर आठवत न्हाय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पर भरलं आसंल. व्हय... भरलं आसंल.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता – स्वतःपेक्षा जास्त. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. पण घरात शिरताच आप्पांनी किल्ली माझ्या हातात दिली. “आता नगं गं. डोस्कं जाग्यावर न्हाय माझं. उद्या रस्त्यात कुणाला धडकलो तर?” तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले, माहीत आहे? “बरं, आप्पा.”

गाडी नीट झाली. आप्पा झाले नाहीत. गॅस बंद केला का, हे बघायला ते अर्ध्या जेवणातून उठायला लागले. गोळी घेतली का, हे मला विचारायला लागले. आम्ही डॉक्टरांना दाखवलं; ते म्हणाले, वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम आहे. आप्पांना ते पटलं नाही. नवरा काळजीत पडला. त्या खोलीत खरं कारण फक्त मला माहीत होतं, आणि मी मान हलवत डॉक्टरांचं ऐकत बसले.

परवा मी त्यांना बहिणीला भेटवायला निपाणीला घेऊन गेले. ते शेजारच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून. वाटेत पेट्रोलला थांबले. टिक झालं, पंपावरच्या माणसाने विचारलं, “अजून घालू?” मी म्हणाले, “नको, बास.”

आप्पा हसले. कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू बघ कशी येळेवर थांबतीस,” म्हणाले. “मला तेवढंबी कळंना झालतं.”

मी किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे एकदा लागले, त्यात तो पिवळाही होता. मग एकेक करून विझले. आप्पा तो विझेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघत होते. विझल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला, आणि मी गाडी रस्त्यावर घेतली.