चौकटीतून कापलेली विजेची तार

आमच्या पक्षी मंडळात माझा एक फोटो प्रसिद्ध आहे. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा मळकट पक्षी आणि त्याच्या चोचीत, चोचीत मावणार नाही एवढं लालभडक फळ. मंडळाच्या कॅलेंडरवर तो छापला गेला आणि त्याच्या जोरावर मी मल्लेश्वरममध्ये भाषणंही ठोकली. तो फोटो मी काढलेला नाही. माझ्या बायकोने काढला आहे. मी तो फक्त कापला.

येलहंक्याच्या तळ्यावर आम्ही दोघं जायचो. मोठी लेन्स आणि ट्रायपॉड माझा, माझा जुना कॅमेरा तिच्या गळ्यात. बांधावर सिंगापूर चेरीचं झाड आहे. फळात खसखशीसारख्या बिया असतात म्हणून इथले लोक कन्नडमध्ये त्याला गसगसे हण्णू म्हणतात. त्या सकाळी पाण्यातल्या खांबावर निळाशार खंड्या बसला होता आणि मी झाडाकडे पाठ करून त्याच्या मागे लागलो होतो. ती आपली झाडाखाली उभी होती.

घरी कॉम्प्युटरवरचं काम माझं. माझा जन्म कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेला, रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. माझ्या फोटोत पक्षी चौकट भरून असायचा. ती म्हणायची, "पाखरांचे पासपोर्ट काढताय का?" तिच्या फोटोंत निम्मी चौकट मोकळीच असे. या फोटोतही फुलटोच्या चौकटीत डावीकडे खाली होता आणि उजवीकडे बघत होता. त्याच्या नजरेपुढे तळ्यावरचं धुकं, आणि पार उजव्या कोपऱ्यात, पुसट, वाकलेला, टोपी घातलेला मी. भलतीकडे तोंड करून.

मी मला कापलं. तेव्हा खरंच एवढंच मनात होतं की हे ध्यान फोटोत नको. पण मला कापताना सवयीने पक्ष्यापुढची सगळी जागाही गेली आणि त्याची चोच कडेला येऊन टेकली.

मग दोघांचे फोटो मी माझ्याच ईमेलवरून मंडळाला पाठवले, कुणाचा कुठला ते न लिहिता. मंडळ चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना मिस म्हणतात. त्यांचा फोन आला. अण्णा, काय फोटो काढलाय तुम्ही, असं बरंच काही बोलल्या. मी थँक्यू म्हणालो. बायको समोर अवरेकाई, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत बसली होती. तिने मान वर केली. अजूनही सांगता आलं असतं.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

पुढे एका बैठकीत एका सभासदाने विचारलं, चोचीपुढे जागा का नाही सोडली? मी म्हणालो, तिथे विजेची तार येत होती, कापावी लागली. बायको मागच्याच रांगेत होती. रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "विजेची तार होय." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मीही नाही. फोटोला मात्र वर्षं लोटली तरी दाद मिळत राहिली आणि दर वेळी मी मान लववून ती घेत राहिलो.

यंदा मंडळाचं प्रदर्शन ठरलं. मिसना तो फोटो समोरच्या भिंतीवर दाराएवढा मोठा हवा होता. प्रिंट काढणाऱ्याने फाइल परत पाठवली. कापून उरलेला तुकडा फारच लहान आहे, मोठा केला तर पक्ष्याचे चौकोन चौकोन दिसतील, मूळ फोटो द्या, असं त्याचं म्हणणं.

मूळ फोटो उघडला आणि कोपऱ्यात मी होतोच. हल्ली कॉम्प्युटर माणूस चुटकीसरशी पुसतो. मीही पुसून पाहिला. माझ्या जागी धुकं आलं, झकास आलं. आता मी तो फोटो काढला नाही असं म्हणणारं चौकटीत कोणीच उरलं नव्हतं. तेच मला बघवेना. मी स्वतःला परत आणलं आणि मिसना फोन लावला. फोटो कोणाचा ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, उद्घाटनाला अक्कांनीच, म्हणजे माझ्या बायकोनेच, बोलायचं, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं.

"कापून पाठवलात?"

"नाही. अख्खा."

"तुमच्यासकट?"

"माझ्यासकट."

तिने गॅस बारीक केला. "बघू तरी," म्हणत पदराला हात पुसले आणि माझ्या आधी कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

प्रदर्शनात समोरची भिंत तिची होती. खाली ठसठशीत अक्षरांत तिचं एकटीचं नाव. एवढ्या मोकळ्या जागेत तो इवलासा पक्षी कॅलेंडरवरच्यापेक्षा मोठा वाटत होता. लोक आधी त्याला बघायचे, मग त्याच्याबरोबर धुक्यात बघायचे, आणि मग कोपऱ्यात पोचायचे. तो जुना सभासदही तसाच पोचला. त्याने अक्कांना विचारलं, मागे ते कोण?

ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, "ती विजेची तार."

सभासदाला आठवायला क्षणभर लागला. मग तो असा हसला की पलीकडच्या भिंतीजवळचे लोक इकडे आले, आणि मला त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. मी सांगितली, एकही शब्द न गाळता. इतक्या वर्षांत त्या फोटोवर मी केलेलं हे सगळ्यात चांगलं भाषण.

तिचं भाषण याहून लहान झालं. पक्षी जिकडे बघतो तिकडे जागा ठेवायची, असं तिने सांगितलं. आणि नवरा कुठे बघतोय तेही आधी बघून ठेवावं, उपयोगी पडतं. टाळ्या थांबेनात. मी हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

आता तळ्यावर मोठी लेन्स तिच्याकडे असते. ट्रायपॉड मी उचलतो आणि तिने सांगितलं की उघडतो. परवा तिने चेरीच्या झाडावर नेम धरला होता आणि मी नेमका समोर आलो. बाजूला होऊ का, म्हणून विचारलं.

"राहा तिथेच," ती म्हणाली. "स्वल्प डावीकडे."