इस्त्री केलेली पट्टी

लाँड्रीतल्या काकूंच्या डाव्या घोट्याच्या वर दीड वर्षं नाण्याएवढी जखम होती आणि काकू सोडून सगळ्यांना तिचं कारण ठाऊक होतं. नवरा म्हणे, साखर. तीनदा रक्त तपासलं, साखर निघाली नाही. तरी त्यानं चहातली साखर बंद केली. स्वतःच्या नव्हे, काकूंच्या. नणंद म्हणे, "वहिनी, कुठंतरी खरचटलं असेल. तुमचं लक्षच नसतं." सव्वीस वर्षं उभ्यानं परक्यांच्या कॉलरी सरळ करणाऱ्या बाईचं लक्ष नसतं म्हणे!

शेवटी डॉक्टरांनी पावलाची नाडी बघून निदान केलं. शिरा थकल्या होत्या. त्यांच्यातल्या झडपा नीट मिटत नव्हत्या, त्यामुळं वर जायचं रक्त घोट्याशी तुंबत होतं. कातडी आधी काळवंडली, मग फुटली. नुसतं मलम फासून ती भरणार नव्हती. बोटांपासून गुडघ्यापर्यंत रबरी धाग्यांची, ताणाची पट्टी बांधायची होती.

काकूंनी चार महिने बांधली. एक दिवस खाडा नाही. जखम मात्र वाढतच गेली.

"काकू, ही ताणलीच जात नाहीये," दवाखान्यातली नर्स पट्टी ओढत म्हणाली. "करता काय हिचं?"

"रोज धुते, इस्त्री करते."

"इस्त्री?"

"मग चुरगाळलेली बांधू?"

नर्सला हसू फुटलं. "अहो, रबर जळून मेलं की! चार महिने चिंधी गुंडाळलीत पायाला."

काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. "हसतेस काय? समोर इस्त्रीवाली बसलीय हे दिसत होतं ना? इस्त्री करू नका, एवढं सांगायला जीभ झिजत होती?"

नर्सचं हसू मावळलं. "चुकलंच आमचं," म्हणत तिनं नवी पट्टी बांधली. "पण दिवसभर उभ्या राहिलात तर हीसुद्धा पुरणार नाही. मधूनमधून चाला, नाहीतर पाय उंच करून बसा."

काकू तडक लाँड्रीत गेल्या. "मालक, उठा."

मालक गोंधळून उठला. काकू त्याच्या खुर्चीत बसल्या आणि पाय त्यांनी समोरच्या गल्ल्यावर ठेवला.

"अहो, गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"त्याला पट्टी सोडून दाखवते, मग विचारा. दर तासाला दहा मिनिटं मी अशीच बसणार. पटत नसेल तर दुसरी बाई बघा, तिचेही पाय सडवा."

इस्त्री तापली होती. शर्टांचा ढीग तसाच पडला होता. मालकानं चरफडत बाह्या सारल्या आणि पहिल्याच शर्टाची कॉलर दुमडलेलीच दाबली.

काकूंनी बघितलं. उठल्या नाहीत.