वर कुठली बाजू

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही खणा, काळा कातळच लागतो. लाव्ह्याचा. मी मात्र जन्मभर अभ्यास केला तो गाळाच्या खडकांचा, म्हणजे कुठल्यातरी जुन्या समुद्राच्या तळाशी चिखल आणि वाळू साठत जाऊन जे दगड झाले त्यांचा. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा माझा दगड मला भेटला तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर. शहाबादी फरशी. करडी, गार, ओल्या फडक्याने पुसली की जराशी निळसर दिसणारी. भीमेच्या खोऱ्यात ज्या खाणींमधून मी उन्हातान्हात फिरत होते, तिथलाच तो चुनखडक. माहेरचं माणूस भेटावं तसा मला आनंद झाला होता.

नवऱ्याला या सगळ्याची गंमत वाटायची. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. "अगं, चिखलच बघायचाय ना तुला? मग खाडीवर जा की. एवढ्या लांब कर्नाटकात कशाला?" हे वाक्य त्याने मला निदान शंभरदा ऐकवलं असेल.

एकदा मात्र तो माझ्याबरोबर आला, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. खाणीत मी मोजमाप घेत होते आणि हा उत्साहाने हातोडी चालवून दगड फोडत होता, फोडलेला तुकडा पिशवीत टाकत होता. मी जी ओरडले! आमच्यात एक नियम असतो. दगड जागेवरून हलवण्याआधी त्याच्यावर बाण काढायचा, वरची बाजू कुठली ते दाखवणारा. गाळ खालून वर साठत जातो, त्यामुळे वर-खाली कळलं नाही तर आधी काय झालं आणि नंतर काय, हेच कळत नाही. बाण नसलेला तुकडा भिंत बांधायला चालेल, अभ्यासाला चालत नाही. खाणीतल्या माणसांसमोर मी हे सगळं त्याला सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "कळलं, बाई."

त्यानंतर घरात बाण सुरू झाले. लोणच्याच्या बरणीवर खडूने बाण. पापडाच्या डब्यावर बाण. माझ्या वाढदिवसाला आणलेल्या साडीच्या खोक्यावर बाण, आणि त्याखाली "वर". मी चिडले की त्याला जास्तच चेव यायचा. पुढे पुढे मी चिडणं सोडून दिलं, पण त्याचे बाण काही थांबले नाहीत. तो गेल्यानंतर रव्याचा डबा घासताना झाकणावर एक सापडला. मी तो डबा घासलाच नाही.

मूलबाळ नाही. घरात मी आणि फरशी. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी पटापट सह्या केल्या, मीही केली, कारण पावसाळ्यात जिन्यातून पाणी यायचं. ठाकुर्लीला भाड्याने दोन खोल्या घेतल्या. सामान हलवलं, आणि हलवताना लक्षात आलं की मला जे हवं होतं ते सामानात नव्हतंच.

स्वयंपाकघराच्या दाराशी, खिडकीखाली एक फरशी होती. संध्याकाळी मी पोळ्या करायचे तेव्हा तो तिच्यावर मांडी घालून मेथी निवडत बसायचा. मे महिन्यात शर्ट काढून उघड्या पाठीने तिच्यावरच आडवा व्हायचा आणि "तुझ्या समुद्रात पडलोय, उठवू नकोस" म्हणायचा. तेलाचा एक डाग होता तिच्यावर, त्याच्याच हातून बरणी लवंडली होती. ती एवढी एक फरशी मला हवी होती. हातोडे चालण्याआधी, अखंड.

तोडकाम करणारा मुकादम भला माणूस होता. "मॅडम, नवीन बिल्डिंगमध्ये मस्त टाईल्स येणार. ही घेऊन काय करणार?" असं त्याने विचारलं खरं, पण पहार घेऊन स्वतः बसला. त्याने जपून कड मोकळी केली, खालून पहार घातली, आणि फरशी मधोमध मोडली. त्याने पहार खाली ठेवली. मी म्हटलं, "असू द्या, दगडच तो." आणि खिडकीकडचा मोठा तुकडा, ज्याच्यावर डाग होता, तो रिक्षात घालून घरी आणला.

ठाकुर्लीच्या मोरीत मी त्याची खालची बाजू जुन्या टूथब्रशने घासायला बसले. सिमेंटचे पोपडे निघत गेले आणि खाली वळ्या दिसल्या. उथळ पाण्यात, लाटांच्या येण्याजाण्याने गाळावर उठतात तशा बारीक वळ्या, एकीला लागून एक. मी बोट फिरवून पाहिलं. माथे टोकदार, मधले खळगे गोल. अशा वळ्यांचे माथे नेहमी वरच्या दिशेला असतात. म्हणजे ही तळाची बाजू नव्हतीच. गवंड्याने त्याच्या सोयीने गुळगुळीत बाजू वर घेतली होती, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण आमचा सगळा संसार समुद्राच्या तळाच्या उलट्या बाजूवर झाला होता, आणि घरात एक गाळाच्या खडकांची प्राध्यापक असूनही कुणाला पत्ता नव्हता.

मी मोठ्याने हसले. हसत हसत उठले, त्याला सांगायला. दारापर्यंत गेलेसुद्धा. भाड्याच्या घराच्या त्या चकचकीत टाईल्सवर ओले पाय घेऊन उभी राहिले आणि मला इतकं एकटं वाटलं की भिंतीला हात लावावा लागला. तो गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. आज ही गंमत कळणारा एकच माणूस होता, आणि तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन काढलं. ठाण्याच्या ज्या कॉलेजात मी शिकवलं, तिथे आता माझीच एक विद्यार्थिनी शिकवते. ती त्या तुकड्याचा काप करून देणार होती. काप म्हणजे दगडाची चकती काचेवर चिकटवून, प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासायची. पण कापण्याआधी बाण हवा. मी पेन धरून बराच वेळ बसले. मग बाण काढला आणि तुकडा तिच्याकडे पोचवला.

काप तयार झाल्यावर तिचा फोन आला. मी गेले तेव्हा प्रयोगशाळेत आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काचपट्टी हळूहळू सरकवत मी जिथे डाग होता त्या कडेपर्यंत गेले. बारीक, एकसारखा चुन्याचा चिखल. मध्येच एखादा चमकणारा स्फटिक. काप घासताना तेल कधीच धुऊन गेलं असणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी मी ती कड दोनदा पाहिली. तिथे कुणी बसलं होतं याची खूण नव्हती.

"मॅडम," ती मागून संकोचत म्हणाली, "एक विचारू? वळ्यांवरून तर वरची बाजू दुसरी दिसतेय. तुमचा बाण उलटा पडलाय. मी पट्टीवर तुमच्यासारखाच काढलाय, पण दुरुस्त करू का?"

हे तिला मीच शिकवलं होतं.

"नको," मी म्हटलं. "वर हीच बाजू. इथे तो बसायचा."