यमुनाताईंना नेणारी उघडी गाडी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी पौडला एका शाळेत विज्ञान शिकवायचे. चकवा, करणी, अंगात येणं... हे सगळं मुलांच्या डोक्यातून काढणं हा माझा रोजचा धंदाच होता म्हणा ना. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली. पण जे घडलं ते भर दुपारी घडलं, आणि ते पाहिलेली माणसं अजून आहेत.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही भुकूमला ज्ञानोबाभाऊंच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचो. माझे यजमान श्रीकांत पिरंगुटच्या एका कारखान्यात होते, त्यांची स्कूटर होती. मी मात्र एस.टी.च्या भरवशावर! ती आली तर आली, नाहीतर शाळेची प्रार्थना चुकली. शेवटी म्हटलं, आपण गाडी घ्यायची. वडिलांनी मला लग्नाआधीच ड्रायव्हिंग शिकवलं होतं.

पुण्यात कॅम्पात एक वृद्ध गृहस्थ जुनी इटालियन गाडी विकणार होते. आम्ही बघायला गेलो आणि श्रीकांत तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. लाल रंग, स्टेअरिंग डाव्या बाजूला, आणि वर टपच नाही – कापडी छप्पर, तेही मागे दुमडून ठेवलेलं.

"अगं, ही हौसेची गाडी आहे. हिच्यातून तू रोज पौडला जाणार?"

"रोज जाणार," मी म्हणाले.

ते गृहस्थ हसले. म्हणाले, "मग तुम्हीच न्या. उभी राहून राहून कंटाळलीय बिचारी."

गावात तिचं नाव 'बिनछपराची' पडलं. मी निघाले की लोक बांधावरून हात करायचे. ज्ञानोबाभाऊंच्या पत्नी, यमुनाताई, कधीमधी भाजीचं गाठोडं घेऊन पिरंगुटच्या बाजारापर्यंत माझ्याबरोबर यायच्या. पदर दातांत घट्ट धरून बसायच्या आणि वर म्हणायच्या, "बाई, आजून जोरात न्हाई का पळत ही?" माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या, पण त्या गावात माझी मैत्रीण म्हणजे त्याच.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. थंडीचे दिवस. जेवणं उरकून मी ओटीवर तांदूळ निवडत होते. यमुनाताई परड्यात गंजीवर चढून पेंढा काढत होत्या. एकदम धप्पकन आवाज आला... आणि मग काहीच नाही. ओरडणंही नाही.

मी धावले. त्या उताण्या पडल्या होत्या. डोळे उघडे होते. "बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माझं पाय कुटं हायेत? मला कळंनात."

तोवर ज्ञानोबाभाऊ आणि शेजारचे चौघेजण आले. कुणी म्हणालं उचलून बसवा, कुणी म्हणालं बैलगाडी जुंपा. मी जोरात ओरडले, "कुणी हात लावू नका! पाठीचा कणा आहे. वाकवलं तर संपलं." प्रथमोपचार मी शाळेत शिकवत होते, पण शिकवणं निराळं आणि डोळ्यांसमोर आपलं माणूस पडलेलं असणं निराळं.

आम्ही गोठ्याचं दार काढलं. यमुनाताईंना जराही न वाकवता सगळ्यांनी मिळून त्यावर घेतलं, कासऱ्याने बांधलं. आता एवढं लांब दार जाणार कोणत्या गाडीत? बंद गाडीत तर शक्यच नव्हतं. पण आमची होती उघडी! दाराचं पुढचं टोक डॅशबोर्डवर टेकलं, मागचं डिकीवर. पालखीत झोपवावं तशा यमुनाताई आडव्या झाल्या. ज्ञानोबाभाऊ मागच्या चिंचोळ्या जागेत बसून दार धरून राहिले.

मी किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झालं. थंडीत ती इतकी पटकन कधी सुरू व्हायची नाही. पण हे लक्षात घ्यायला तेव्हा वेळ कुणाला होता?

उजवीकडचं मला काही दिसत नव्हतं, तिथे यमुनाताई होत्या. ज्ञानोबाभाऊच मागून सांगायचे, "फुडं ट्रक हाय, दम धरा... आता मोकळं हाय बाई, काढा!" भूगाव, मग चांदणी चौकाचा चढ, मग कोथरूड. सगळा रस्ता मी हॉर्नवर हात ठेवून काढला. यमुनाताई आकाशाकडे बघत पडल्या होत्या. एकदाच म्हणाल्या, "घारी हायेत वर." त्यांचा आवाज ऐकला की मला जरा धीर यायचा.

दवाखान्याच्या दारात मी गाडी बंद केली. स्ट्रेचर आलं, त्यांना आत नेलं. मग वॉचमन म्हणाला, "ताई, गाडी बाजूला घ्या, ॲम्ब्युलन्सचा रस्ता आहे."

मी किल्ली फिरवली. काहीच नाही. टक्‌ नाही की टुक्‌ नाही. हॉर्न दाबून पाहिला... तोही गप्प. वायर निघाली असेल म्हणून बोनेट उघडलं.

बॅटरी नव्हती.

नुसती रिकामी जागा, आणि दोन्ही वायरींची टोकं व्यवस्थित चिंधीने गुंडाळून बाजूला खोचलेली. ही श्रीकांतची पद्धत. दवाखान्याच्या ऑफिसातून कारखान्यात फोन लावला, बऱ्याच वेळाने लागला. झाला प्रकार सांगितला आणि विचारलं, "बॅटरी कुठे आहे?"

"अगं, सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा काढून आणली. तुला सुट्टी होती ना? इथे चार्जिंगला लावलीय. माझ्यासमोरच आहे." मग त्यांनी विचारलं, "पण तू गेलीस कशी?"

"किल्ली फिरवून," मी म्हणाले.

पुढे आम्ही सगळं तपासलं. धक्का मारून सुरू केलेली गाडी बॅटरीशिवाय थोडंफार चालू शकेल, हे मलाही माहीत आहे. पण धक्का कुणीच मारला नव्हता. मी किल्लीने सुरू केली होती, आणि ते पाच-सहा जणांनी पाहिलं होतं. नंतर बॅटरी काढून आम्ही किती वेळा प्रयत्न केला... एकदाही हूं की चूं नाही. श्रीकांतच्या बरोबरच्या लोकांनी बॅटरी सकाळपासून तिथे पाहिली होती. कुठल्याच बाजूने हिशोब लागत नव्हता.

डॉक्टर म्हणाले होते, "बसवून आणलं असतं, किंवा उशीर झाला असता, तर या पुन्हा उभ्या राहिल्या नसत्या." कित्येक महिने त्या प्लास्टरमध्ये होत्या. मग एका सकाळी भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत त्या अंगणात आल्या. ज्ञानोबाभाऊ मागे हात पसरून, पण न शिवता चालत होते. मी पोळ्या लाटत होते, ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि रडले.

"यमुनाताई," मी म्हणाले, "मी रोज विचार करते, तरी काही सुचत नाही. आभार तरी कुणाचे मानायचे, तेच कळत नाही हो."

यमुनाताई गाडीला टेकून दम घेत होत्या. "आवो बाई, मग समद्यांचंच माना की," त्या म्हणाल्या. "त्यात आपलं काय जातंय?"

स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. मी मात्र तेव्हापासून समद्यांचेच आभार मानते.