राणीछाप रुपया आणि ट्यूलिपचे कांदे

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या अंगणातले ट्यूलिप बघून लोक म्हणतात, "वृषाली, काय हात आहे गं तुझा!" आणि मी आपली मान खाली घालते. हात कसला, डोंबलाचा! ते ट्यूलिप म्हणजे माझ्या मूर्खपणाचं जाहीर प्रदर्शन आहे. चहा घ्या आधी, मग सांगते.

२००३ सालची गोष्ट. ओहायोत, डब्लिनला आम्ही नुकतंच घर घेतलेलं. समीर, म्हणजे माझा नवरा, सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जायचा. आणि मी, नागपूरची चांगली शिकलेली इंजिनिअर, डिपेन्डन्ट व्हिसावर घरात बसलेली. नोकरी करायची परवानगी नाही, पायी जाण्यासारखं जवळपास काही नाही. माणसाने किती पोळ्या लाटायच्या?

अशात मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचा गराज सेल, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाची विक्री, लागला, आणि तिथे मला दिसलं ते मशीन. मेटल डिटेक्टर! लांब दांडा, खाली ताटली, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की वाजतं. म्हातारा म्हणाला, या भागात जुनी नाणी निघतात. झालं! मी मशीन खांद्यावर टाकून घरी.

समीर म्हणाला, "यार, तू व्हॅक्यूम क्लीनर बघायला गेली होतीस ना?"

मग मी रोज पार्कात. सापडलं काय म्हणता? सोड्याच्या कॅनच्या कड्या! बाटल्यांची झाकणं! एक वाकडा चमचा! पण मी हार मानणाऱ्यातली नाही. रोज सकाळी उठले की वाटायचं, आज नक्की. बेकार बसलेल्या माणसाला सकाळी उठून असं काही वाटणं ही केवढी मोठी गोष्ट असते, तुम्हाला कल्पना नाही.

दिवाळीच्या सुमाराला पुण्याहून सासूबाई आल्या. आमच्या आईंनी उभं आयुष्य गाण्याच्या शिकवण्या केल्या. शेजारचा कुकर कुठल्या पट्टीत शिटी देतो हेही सांगतील. मी पहिल्यांदा आरती म्हटली तेव्हा त्या प्रेमाने म्हणाल्या होत्या, "वृषाली, तू टाळ्या फार छान वाजवतेस. तेच कर."

येताना त्यांनी घरचा राणीछाप रुपया आणला होता. चांदीचा, आईंच्या आजेसासूबाईंपासून लक्ष्मीपूजनात मांडला जाणारा. लक्ष्मीपूजन शनिवारी होतं. शुक्रवारी आईंनी तो माझ्या हातात दिला. "उद्या चिंचेने घासून ठेव. यंदा पूजा तू करायचीस आणि पुढे हा तुझ्याकडेच ठेवायचा."

मला भरून आलं हो! आमच्याकडे सुनेला घराची किल्ली पहिल्या दिवशी मिळते, पण रुपया मिळायला वर्षं जातात.

शनिवारी सकाळी आई अंघोळीला गेल्या. मी रुपया घासून लखलखीत केला आणि तिथेच माझी बुद्धी फिरली. तो म्हातारा म्हणाला होता, आधी चांदीचं नाणं अंगणात पुरा आणि त्याचा आवाज कानात बसवा, मग खरी चांदी बरोबर ओळखता येईल. आता घरात चांदीचं नाणं दुसरं होतं कुठे? म्हटलं दहा मिनिटांचं काम. आईंची अंघोळ आटपायच्या आत रुपया परत देव्हाऱ्यात!

हसू नका, पुढे ऐका.

चार बोटं खोल रुपया पुरला, वर गवत होतं तसं बसवलं. मशीन फिरवलं. टुईंऽऽ! अहाहा! एवढ्यात घरात फोन. नागपूरहून माझी आई, दिवाळीचा फोन! तो कोण टाळणार? आवाज तर कानात बसला होता, पण जागा विसरायला नको म्हणून मी वर खूण ठेवली.

काय खूण ठेवली असेल? मेपलचं लाल पान! ऑक्टोबर महिन्यात! ओहायोत! अख्खं अंगण ज्या पानांनी भरलेलं, त्यातलंच एक उचलून मी खूण म्हणून ठेवलं.

पण एवढ्यावर भागलं असतं तर बरं. फोन संपवून बाहेर येते तर अंगण चकाचक. समीर हातात दाताळं घेऊन उभा, चेहऱ्यावर कर्तबगारी. "सरप्राइज! किती दिवस मागे लागली होतीस ना, पानं काढ म्हणून?"

"अरे, आजचाच मुहूर्त मिळाला का तुला!"

मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. "आईचा रुपया? बाप रे! मी... मी जरा इंडियन स्टोअरमधून कोथिंबीर घेऊन येतो." आणि गेला! संकट आलं की नवरे कोथिंबीर आणायला जातात, लिहून ठेवा.

मी कंबर कसली. अंगण ओलं होतं, म्हणून समीरचे गराजमधले जाडजूड बूट चढवले. मशीन सुरू केलं. टुईं! खणलं, काही नाही. पाऊल पुढे टाकलं, टुईं! खणलं, काही नाही. जिथे जाईन तिथे टुईं! मला वाटलं, बाप्पा! आपलं अंगण म्हणजे नाण्यांची खाणच दिसते! रुपया गेला खड्ड्यात, इथे तर खजिना आहे! दुप्पट जोमाने खणायला लागले.

"काय चाललंय गं?" मागे आई. स्वेटर, कानटोपी, हातात चहा.

"ट्यूलिप लावतेय, आई." तोंडात पहिलं आलं ते बोलून गेले.

"दिवाळीत?"

"इथे दिवाळीतच लावतात."

ही एवढी एकच गोष्ट खरी होती. आई इतक्या खूश झाल्या, की कुंपणापाशी जाऊन शेजारच्या डोनाला हातवारे करून सांगून आल्या. डोना ही एकटी राहणारी आजीबाई, बागेचं भलतं वेड. ती पाच मिनिटांत पोतं घेऊन हजर. "माझ्याकडे एक्स्ट्रा बल्ब्स आहेत!"

आईंनी पोत्यात डोकावून बघितलं. "अगं, हे तर कांदे!"

आता काय करता? मी पुढे खणतेय, डोना मागून खड्ड्यात कांदा ठेवतेय, आई त्यावर माती लोटताहेत. आणि दोघींची भाषा एक नसताना गप्पा अशा रंगलेल्या, की जणू एका वाड्यात भाड्याने राहायच्या!

अर्धं अंगण उकरून झाल्यावर डोना थांबली. माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "हनी, त्या बुटांना पुढे स्टील असतं, माहितेय ना?"

मी पाय मागे घेतला. मशीन गप्प. पाय जवळ आणला. टुईं!

म्हणजे इतका वेळ मी माझेच बूट शोधत होते! मला रडावं की हसावं कळेना. बूट फेकले आणि मोज्यांवर, कुडकुडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मनात म्हटलं, आता वाजेल तो रुपयाच.

टुईं! कांदा उपसला. खाली एक सेंट. टुईं! दुसरा कांदा. खाली एक सेंट. तिसऱ्याखालीही तेच!

"आई, हे काय?"

"अगं, भूमीत काही लावायचं तर पैसा-सुपारी नको का टाकायला? सुपारी नव्हती, म्हणून नुसता पैसा टाकला. प्रत्येक खड्ड्यात!" आणि वर, "पण तू कांदे का उपटतेस? आणि ट्यूलिप लावायला कानाला ते कशाला लागतं?"

ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळी पूजा. माझा बांध फुटला. भोकाड पसरूनच सांगितलं मी, "आई, तुमचा रुपया इथे पुरलाय, आणि कुठे ते मला माहीत नाही!"

मला वाटलं, झालं! आता आई पहिल्या विमानाने पुण्याला जाणार, आणि रुपयाची गोष्ट पुढच्या सात पिढ्या ऐकवणार. त्यांनी दुपारच्या चहाचा कप डोनाच्या हातात दिला, कानटोपी काढली आणि म्हणाल्या, "आण ते इकडे."

हेडफोन लावून आई निघाल्या. पैठणीवर स्वेटर, पायात सपाता, डोळे मिटलेले. टुईं. "हा पैसा." टुईं. "हाही पैसा." मला तर सगळे टुईं सारखेच! कानात बसवलेला माझा तो चांदीचा सूर कुठे गेला होता, देव जाणे. मशीन बिचारं सकाळपासून वेगवेगळं गात होतं, ऐकणारीच ठार औरंगजेब!

कुंपणाजवळ आई थांबल्या. हात वर केला. "हा बघ. केवढा वर चढला. खण इथे."

खणलं. मातीत राणी पडलेली, जशीच्या तशी!

डोनाने टाळ्या वाजवल्या. मी आईंच्या गळ्यात पडले. आणि नेमका तेव्हाच समीर कोथिंबीर घेऊन आला. तीन जुड्या!

संध्याकाळी पणत्या लागल्या. डोनाही आली होती. मला वाटलं, आता रुपया काही आपल्याला मिळत नाही, आणि मिळूही नये. पण पूजा झाल्यावर आईंनी तो उचलला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. "हं. आता तुझा."

माझे डोळे भरून आले. "आई, एवढं करून ठेवलं, तरी माझ्यावर विश्वास ठेवताय?"

"तुझ्यावर? छे गं!" आई म्हणाल्या. "माझ्या कानांवर. तू खुशाल हरव, मी शोधीन. आणि हो, ते मशीन आजपासून माझ्या खोलीत राहील."

पुढच्या शनिवारी आई आणि डोना मशीन घेऊन पार्कात निघाल्या. मलाही बरोबर नेलं, खड्डे बुजवायला.