नंबरवाला टेकू

काटेकाकांना लोक काटेकाका म्हणत ते दोन कारणांनी. एक तर चौतीस वर्षं ते मालट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. आणि दुसरं म्हणजे माणूस भलताच काटेकोर. खिडकीतून ट्रकचा नंबर बघायचा, वहीत लिहायचा, पुढं वजन लिहायचं आणि हात हलवायचा, की ट्रक गेला. कुठं गेला ते काकांना कधी कळलं नाही. स्वतः काका काट्यापुढच्या पेट्रोल पंपापलीकडे कधी गेले असतील तर शपथ. जाणाऱ्यांचे नंबर लिहिण्यात जन्म गेला बिचाऱ्याचा.

काकूंचं सगळं उलट. सव्वीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली. आठवड्यातले चार दिवस बाहेर, घरी आल्या की जेवायच्या आणि झोपायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, गुडघे सांभाळतात. काकूंनी मोटारसायकल घेतली. तीही साधीसुधी नाही, लांबच्या प्रवासाची, म्हशीएवढी. "समुद्र बघून येते," म्हणाल्या. जायचे नऊशे किलोमीटर, यायचे तेवढेच.

काका हळूच म्हणाले, "मी पण येऊ का?"

उभ्या जन्मात त्यांनी असा प्रश्न विचारला नव्हता. विचारताना कान लाल झाले.

काकूंनी त्यांना चाचणी म्हणून मागं बसवून बारा किलोमीटर फिरवून आणलं. आता खोटं कशाला बोलू, काकांनी लाज आणली. गाडीनं वेग घेतला की हे मागं घसरत, ब्रेक लागला की पुढं आदळत, आणि मधल्या वेळात काकूंच्या कमरेला अशी मिठी मारत, की त्यांच्या कुशीत दहाच्या दहा बोटं उमटली. वर सारखं "ब्रेक, ब्रेक". सव्वीस वर्षांत ज्या बाईला कुणी ब्रेक शिकवला नव्हता, तिला.

घरी येऊन काकू म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या पाठीला काहीतरी टेकायला मिळालं तर या. नाहीतर शनिवारी मी एकटी निघते. आणि जे काही बसवाल ते काढता आलं पाहिजे. एरवी मागं रिकामी खुर्ची घेऊन मी गावभर फिरणार नाही."

सोमवारी काका गाडी ढकलत वेल्डरकडे गेले. चालवता येत नव्हती ना. वेल्डरनं लोखंडी पट्टीची चौकट केली, तिच्यावर गादी ठोकली आणि बाजूला एक खटका दिला. खटका ओढला की अख्खी चौकट हातात. "बॅकरेस्ट एक नंबर झालीय काका," तो म्हणाला.

काका त्याला बॅकरेस्ट म्हणायला तयार नव्हते. "टेकू म्हण. टेकूवर सरकारं चालतात, गाडी का नाही चालणार?"

पण एक घोळ झाला होता. टेकूची खालची पट्टी नेमकी नंबरप्लेटवर येत होती. नंबराचं वरचं अर्धं अंग झाकलं गेलं. आठ होता तो शून्यासारखा दिसायला लागला.

"सोपं आहे," वेल्डर म्हणाला. "प्लेट काढून डाव्या अंगाला चाकाजवळ लावू. हल्ली बरेच जण लावतात. अर्ध्या तासाचं काम."

काकांच्या अंगावर काटाच आला. नंबर बाजूला? मागच्याला दिसायचा कसा? चौतीस वर्षं ज्यांनी चिखलानं माखलेले, वाकलेले, दोरीनं बांधलेले नंबर माना वाकड्या करून वाचले, त्या माणसासमोर हा बाबा प्लेट चाकाजवळ लावायचं बोलत होता. काकांनी गाडीच्या मागं दहा पावलं जाऊन पाहिलं. वीस पावलं जाऊन पाहिलं. मग परत येऊन त्यांनी टेकूच्या पाठीवर बोट ठेवलं.

"इथं. बरोबर मधोमध. छातीच्या उंचीवर."

"काका, पण हा टेकू काढता येणारा आहे."

"माहीत आहे मला. मीच करून घेतलाय."

वेल्डरनं त्यांच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि चार बोल्ट पिळले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण समोरचा काटेकोर असला की शब्दही कामी येत नाही. काका खूश होऊन घरी आले. वाचण्यासारखा नंबर होता खरा.

गुरुवारी सकाळी काकू चाकांत हवा भरायला निघाल्या. एकट्याच जायचं म्हणून त्यांनी खटका ओढला आणि टेकू स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. पाठीमागं काय लावलंय ते बघायची त्यांना गरज वाटली नाही. पंधरा मिनिटांनी काकांचा फोन वाजला.

"अहो, गाडीचा नंबर कुठाय?"

"टेकूवर."

"आणि टेकू?"

काकांनी मान वळवून बघितलं. "ओट्यावर. पोळपाटाशेजारी."

पलीकडे काकूंनी कुणाला तरी 'थांबा जरा' म्हटलं. मग म्हणाल्या, "घेऊन या. मोठ्या चौकात. मला हवालदारानं धरलंय."

काका टेकू काखोटीला मारून निघाले. तेही कसे? नंबर मागच्याला नीट दिसेल अशा बेतानं. आणि नंबर लावलेली वस्तू घेऊन फुटपाथवरून चालणं त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून रस्त्याच्या डाव्या कडेनं, वळताना हात दाखवत. मागून एका टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. काकांनी त्याला रीतसर पुढं जाऊ दिलं.

चौकातला हवालदार निवृत्तीला आलेला, मिशा कातरलेल्या, खिशात तीन पेनं. शेराला सव्वाशेर भेटला तो असा. त्यानं टेकू उलटसुलट करून पाहिला, नंबर फोनमध्ये घातला आणि वाचून दाखवला. "मोटारसायकल. रंग काळा. चाकं दोन." मग टेकूकडे बघत म्हणाला, "याला चाकं नाहीत."

"चाकं हिच्याकडे आहेत," काका काकूंकडे बोट दाखवून म्हणाले.

"त्या गाडीला नंबर नाही. नंबर नाही म्हणजे ती कोणती गाडी, हे मला माहीत नाही. माझ्या लेखी ती बेवारस. नंबर आहे याला. म्हणजे नोंदलेलं वाहन हे. आणि मघाशी लाल दिवा असताना हे वाहन चौकात शिरलं. मी बघितलं."

"मी चालत होतो."

"वाहन घेऊन."

काकू गाडीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या. "अहो, सांगा ना त्यांना काहीतरी," त्या म्हणाल्या.

काकांनी विचार केला. मनापासून केला. हवालदाराच्या बोलण्यात फट कुठं आहे ते शोधलं. सापडली नाही. आणि मग त्यांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"बरोबर आहे त्यांचं."

हवालदारानं कौतुकानं मान डोलावली. त्याच्या नोकरीत हे कुणी पहिल्यांदाच म्हटलं असावं. काकूंनी मात्र हाताची घडी सोडली. शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी मी एकटी जाणार."

हवालदार जे काही पुढं बोलला ते त्यांना धड ऐकू आलं नाही. टेकू जागेवर बसवून दाखवा, म्हणजे वाहन एक झालं असं मी समजेन, असं काहीसं तो म्हणाला. काकांनी टेकू बसवला. खटका खट्ट वाजला. हवालदारानं मागं जाऊन नंबर वाचला, समाधान पावला, काकूंकडून एका कागदावर 'प्लेट गाडीलाच लावून घेते' असं लिहून घेतलं, सही घेतली आणि गाडी सोडली. काकू तशाच निघून गेल्या. मागच्या सीटवर कुणी नाही, टेकू ताठ उभा, आणि त्याच्या पाठीवर नंबर. सवयीनं काकांनी तो वाचला. मग घरापर्यंत चालत गेले.

शुक्रवारी काकू गाडी घेऊन वेल्डरकडे गेल्या. काकांना कारण कळत होतं. प्लेट डाव्या अंगाला जाणार, अर्ध्या तासाचं काम, मग टेकू हवा तेव्हा काढा. भांडायला तोंड नव्हतं. त्यांनी काकूंची बॅग भरली. कपड्यांचे दोन जोड, रेनकोट, डोकेदुखीच्या गोळ्या. स्वतःचा सदरा घडी करून बॅगेच्या वर ठेवला, मग उचलून परत कपाटात ठेवला. रडू येत होतं आणि साठ ओलांडलेल्या माणसानं समुद्रासाठी रडावं याची लाजही वाटत होती. खरं तर समुद्रासाठी नव्हतंच ते. ही बाई आजवर निघाली की ते दारातून हात हलवत राहिले होते, तो हात आता त्यांना हलवायचा नव्हता.

काकू संध्याकाळी परतल्या. प्लेट चाकाजवळ गेली होती, वाकडी नाही, चांगली लावलेली. काका अंगणात उतरले. म्हटलं, निदान एवढं तरी आपल्या हातानं करावं.

"टेकू काढून ठेवतो," ते म्हणाले. "एकटीला उगाच वारा अडेल."

त्यांनी बाजूला हात घातला. खटका लागेना. वाकून पाहिलं, तर खटका होता तिथं वेल्डिंगची जाड, काळी, अजून कोमट अशी शिवण होती. दुसऱ्या बाजूलाही तशीच.

"खटका कुठाय?"

"वेल्डरकडे. भंगारात."

"मग हा निघणार कसा?"

"नाही निघणार," काकू म्हणाल्या आणि हातमोजे काढायला लागल्या. "खडखड वाजत होता."

काका टेकूला धरून उभे राहिले. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. काकूंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"पाचला निघायचं. सदरा घेतलात का? आणि मागून ब्रेक ब्रेक केलंत तर मी उतरवून देईन, सांगून ठेवते."

"कुठं उतरवशील?"

"ते बघू," काकू म्हणाल्या. "आधी चढा तरी."